अवधूताचे चोवीस गुरू

भागवताच्या अकराव्या स्कंधात, सात ते नऊ या अध्यायांत, एक अवधूत भेटतो. ना घर, ना साठवण, तरी आनंदात. यदुराजा कारण विचारतो, तेव्हा तो आपले चोवीस गुरू सांगतो. पृथ्वी, वारा, समुद्र, कबुतर, अजगर, हत्ती, कोळी... बहुतेक सगळे निसर्गातलेच!

मला यातली मधमाशी सगळ्यात आवडते, कारण ती उलटा धडा देते. भुंगा फुलाला न दुखवता थोडं थोडं घेतो. भिक्षाही तशीच मागावी, एकाच घरावर भार नको. मधमाशी मात्र साठवत बसते आणि मधासकट जिवाला मुकते. म्हणजे गुरू चुकलेलाही चालतो. गळाला लागलेला मासा त्याच रांगेतला: जिभेचे चोचले! (वडापावच्या गाडीपुढे मला तो हमखास आठवतो.) समुद्र मात्र सरळ धडा देतो, समतोलाचा: तो पावसाळ्यात फुगत नाही, उन्हाळ्यात आटत नाही.

मराठीत हे सगळं संत एकनाथांनी ओव्यांमधून उलगडलंय. पैठणला सुरू झालेलं एकनाथी भागवत 1573 मध्ये काशीत पूर्ण झालं. पूर्ण ग्रंथाची धास्ती वाटत असेल, तर थेट सातवा अध्याय उघडा. कबुतराची गोष्ट तिथेच आहे.