ओझे ओढणाऱ्या गाडीचे टायर

घोडे, गुरे, शेतीची यंत्रे किंवा सबंध फिरते घरच मागे जोडून शेकडो मैलांची मजल मारणाऱ्या ज्या थोराड पिकअप गाड्या अमेरिकेच्या पश्चिम भागात पदोपदी दिसतात, त्यांची तुलना आपल्याकडे बाजार समितीत भाजीपाला आणणाऱ्या पिकअपशी करता येणार नाही. कारण फोर्डची एफ-२५० किंवा रॅमची २५०० ही गाडी चार-पाच टनांचा ट्रेलर ओढण्याच्या हेतूनेच बांधलेली असते, आणि गाडीच्या वाट्याला येणारा सारा भार अखेरीस ज्या चार ठिकाणी भूमीला टेकतो, त्यांतले प्रत्येक ठिकाण दोन तळहातांहून फारसे मोठे नसते. अशा गाडीचे मूळ टायर झिजून नवे घेण्याची वेळ आली की मालकाची दृष्टी प्रथम नक्षीच्या रुबाबाकडे आणि मग किमतीकडे वळते. हा क्रम उफराटा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. वजनाचा हिशेब सर्वांच्या आधी व्हावा आणि नक्षीचा विचार सर्वांच्या शेवटी.

हा हिशेब मुळीच अवघड नाही. साडेचार टनांचा ट्रेलर पिकअपच्या हौद्यातील जोडणीला अडकवला, तर त्याच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा, म्हणजे ९०० किलो, पिकअपच्या मागच्या अ‍ॅक्सलवर येऊन बसतो. रिकाम्या गाडीचे त्या अ‍ॅक्सलवरील वजन १,३५० किलो धरले आणि माणसे, हत्यारे, पाणी यांचे अडीचशे किलो त्यात मिळवले, की बेरीज अडीच हजार किलोंवर जाते. आता या गाड्यांवर पुष्कळ वर्षे प्रचलित असलेले एलटी २४५/७५ आर १६ हे एकच माप घ्या. त्यातील ‘सी’ श्रेणीचा टायर ५० पौंड हवेवर १,००० किलो पेलतो, तर ‘ई’ श्रेणीचा ८० पौंड हवेवर १,३८० किलो. माप तेच, चाकावर बसणार तेही तसेच, दुकानातील मांडणीवर दिसणार तेही सारखेच. परंतु पहिल्या प्रकारची जोडी आपल्या उदाहरणातील भाराखाली ५०० किलोंनी अपुरी पडते आणि दुसऱ्या प्रकारची जोडी थोडी शिल्लक राखून तो भार वाहते. ‘ई’ श्रेणीला आजही दहा थरी म्हणण्याची वहिवाट आहे. ती सुती कापडाचे थर मोजून टायरचे बळ ठरवीत त्या काळची असून आजच्या टायरात पोलादी पट्टे असतात आणि दहा थर प्रत्यक्षात नसतात.

याहून महत्त्वाचे तत्त्व या आकड्यांच्या पोटात दडलेले आहे. भार पेलते ती हवा. रबर आणि पोलाद यांचे काम त्या हवेला कोंडून धरण्याचे. त्याच ‘ई’ श्रेणीच्या टायरातील हवा ८० पौंडांवरून ६० पौंडांवर उतरली, तर त्याची शक्ती सुमारे १,१२५ किलोंवर येते, आणि मघाशी पुरेशी ठरलेली जोडी आता अपुरी ठरते. उत्तम टायर घेऊन त्यात कमी हवा ठेवणारा मालक प्रत्यक्षात हलका टायर वापरीत असतो. कमी हवेच्या टायरच्या भिंती प्रत्येक फेऱ्यागणिक अधिक वाकतात, वाकण्यातून उष्णता निपजते, आणि ती साचत गेली की पोलादी पट्ट्यांना धरून ठेवणारे रबर हळूहळू सुटू लागते. फीनिक्सहून फ्लॅगस्टाफकडे जाणारा महामार्ग वाळवंटातील सुमारे १,१०० फुटांवरून जवळजवळ ७,००० फुटांवर चढतो, आणि पायथ्याशी उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या पुष्कळ वर असतो; अशा चढावर ट्रेलर ओढताना टायरची खरी कसोटी लागते.

या दोषाने केवढा अनर्थ होतो, हे अमेरिकेने एकदा पाहिले आहे. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोन कंपनीने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. धावत्या टायरची नक्षी पट्ट्यांसकट सुटून फोर्ड एक्सप्लोरर गाड्या उलटत होत्या आणि माणसे प्राणास मुकत होती. त्याच वर्षी तेथील काँग्रेसने नवा कायदा संमत केला, आणि त्यातूनच हवा कमी झाल्याची सूचना देणारे यंत्र गाड्यांत सक्तीचे झाले. मात्र ही सक्ती भारासह १०,००० पौंडांपर्यंतच्या गाड्यांपुरती आहे, म्हणून त्याहून जड पिकअप तिच्या कक्षेबाहेर राहतात. शिवाय नियमाप्रमाणे तो इशारादिवा हवा पाव हिश्श्याने उतरेपर्यंत पेटला नाही तरी चालते. ८० पौंडांचा पाव हिस्सा गेला की ६० उरतात, आणि त्या ६० पौंडांचा परिणाम आपण वर पाहिलाच आहे. सबब दिव्यावर विसंबून चालणार नाही. निघण्यापूर्वी, टायर थंड असताना, दाबमापकाने स्वतः खातरजमा करावी. मागे जोडचाके असतील तर आतल्या चाकाचीही, कारण तेच बहुधा उपेक्षित राहते.

नक्षीविषयी थोडक्यात सांगतो. वर्षाचे बहुतेक दिवस डांबरी रस्त्यावर ओझे ओढणाऱ्याने महामार्गाची, सलग पट्ट्यांची नक्षी घ्यावी. चिखलासाठी बनवलेले उंच, सुटे ठोकळे भाराखाली डगमगतात, आवाज करतात आणि अधिक तापतात. बर्फाच्या प्रदेशात राहणाऱ्याने तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण कोरलेले चिन्ह पाहून टायर निवडावा.

राहिला वयाचा प्रश्न. ट्रेलर ओढणारी पुष्कळ कुटुंबे वर्षातून मोजकेच प्रवास करतात, त्यामुळे त्यांच्या टायरची नक्षी टिकते, पण रबर जुने होत जाते. फोर्ड कंपनी तर नक्षी कितीही शिल्लक असली तरी सहा वर्षांनंतर टायर बदलण्याची शिफारस करते. टायरच्या भिंतीवर ‘डॉट’ अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकातील शेवटचे चार आकडे ही त्याची जन्मनोंद होय. २३२४ म्हणजे २०२४ सालातील तेविसावा आठवडा. तेव्हा पैसे मोजण्यापूर्वी वजनकाट्यावर भरल्या गाडीचा मागचा अ‍ॅक्सल तोलून घ्या, चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पत्रकातील आकडे उतरवून घ्या, आणि दुकानदार आणून ठेवील त्या प्रत्येक टायरवरचे ते चार आकडे वाचल्याखेरीज तो चाकावर चढवू देऊ नका.