आज्ञावली कोठें अडली?

यवतमाळ जिल्ह्यांतील कापसाची नोंद ठेवणारी एक लहानशी आज्ञावली, म्हणजे प्रोग्रॅम, कोणी सी भाषेंत लिहिली आहे असें समजा. प्रत्येक नोंदींत आधीं तालुक्याचें नांव आणि त्यालाच लागून, चार बाइटांच्या घरांत, क्विंटलांचा आंकडा. नांवासाठीं १६ बाइटांची जागा राखली आहे. ज्यानें ती राखली त्यानें नांवें रोमन लिपींत मोजलीं. तेथें एका अक्षरास एक बाइट पुरतो. देवनागरी मजकूर आज बहुधा यूटीएफ-८ पद्धतीनें सांठवितात. तींत वर्ण, काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त यांपैकीं प्रत्येकास तीन बाइट लागतात, आणि नांवाच्या शेवटीं समाप्तीच्या शून्यास आणखी एक.

वणी १० बाइटांत बसते. पुसदास १३ लागतात. आर्णी तर अगदीं काठोकाठ, बरोबर १६ बाइटांत मावते. एवढ्या तीन नांवांवर चांचणी घेणारा, सारें ठीक आहे, असें खुशाल म्हणेल. मग यवतमाळ येतें: सहा चिन्हें, १८ बाइट, आणि शून्य धरून १९.

जास्तीचे तीन बाइट, म्हणजे 'ळ'चे शेवटचे दोन व तें शून्य, शेजारच्या क्विंटलांच्या घरांत शिरतात. तेथें ४० लिहिलेले असतील, तर आपल्या नेहमींच्या संगणकांवर त्यांचे ४५,९८८ होतात! आज्ञावली चालूच राहूं शकते आणि हा आंकडा मुकाट्यानें बेरजेंत जातो. आज्ञावली कोसळण्यापेक्षां तिनें न कोसळतां खोटें सांगणें हें मला अधिक भयंकर वाटतें.

म्हणून नांव उतरविण्यापूर्वीं 'लांबी १६ हून कमी आहे' असें ठाम विधान लिहून ठेवतात. यास असर्शन म्हणतात. तें खोटें ठरलें कीं आज्ञावली तेथेंच थांबते. ही युक्ति जुनी आहे. ॲलन ट्यूरिंग यांनीं १९४९ सालीं केंब्रिज येथें मोठ्या आज्ञावलींच्या पडताळणीविषयीं निबंध वाचला, त्यांत अशींच विधानें लिहिण्याची सूचना होती.

थांबली खरी, पण कोणत्या नांवावर? येथें डीबगर उपयोगी पडतो. रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८६ सालीं लिहिलेला जीडीबी हा त्यांतला प्रसिद्ध. चित्रें नाहींत, बटणें नाहींत. एक आज्ञा टंकावी, एक उत्तर वाचावें. त्याच्या देखरेखीखालीं आज्ञावली 'रन' करावी, आणि ती अडली कीं 'बॅकट्रेस' मागावा. कोणत्या फंक्शनानें कोणास बोलाविलें याची वंशावळ, अगदीं अलीकडच्यापासून मागें, समोर येते. पहिलीं कांहीं नांवें केवळ थांबविण्याचें काम करणाऱ्या यंत्रणेचीं असतात. नवखा माणूस त्यांतच घुटमळतो. 'अप' ही आज्ञा देत देत आपण लिहिलेल्या फंक्शनापर्यंत यावें, आणि 'प्रिंट' करून नांव व लांबी विचारावी. उत्तर येतें: यवतमाळ, १८.

असर्शन लिहिलेलेंच नसेल, तर क्विंटलांच्या घरावर 'वॉच' ठेवावा. तो आंकडा हलतांच डीबगर आज्ञावलीस जागच्या जागीं धरतो. बॅकट्रेस पाहावा, तों क्विंटलांशीं कांहींएक संबंध नसलेली, नांव उतरविणारी ओळ हातीं लागते.

दुरुस्ती करतांना मात्र १६ चे १९ करूं नयेत. याच जिल्ह्यांतील झरी जामणीस, मधली मोकळी जागा व शून्य धरून, २६ बाइट लागतात.