आम्ल कोणाला म्हणावे?

माझा पुतण्या बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. परवा सेंद्रिय रसायनाचे पुस्तक मिटून तो म्हणाला, "काका, हा विषय मी सोडणार. पाठ तरी किती करायचे?" मी विचारले, "अल्कोहोल हे आम्ल की आम्लारी?" तो उत्तरला, "आम्लारी. कॉस्टिक सोड्यासारखा त्यातही हायड्रॉक्सिल गट आहे ना!"

श्रोतेहो, बारावीला असाच गोंधळ होऊन मी रसायनशास्त्राला रामराम ठोकला आणि पुढे एम.ए. झालो. म्हणून त्या उत्तराचे मला हसू आले नाही.

पाण्यात हायड्रोजन आयन देते ते आम्ल आणि हायड्रॉक्साइड आयन देते ती आम्लारी, ही अऱ्हेनिअसची व्याख्या आपण शाळेत शिकतो. लिटमसच्या कागदापुरती ती पुरते. परंतु अल्कोहोलात तो गट कार्बनशी घट्ट बांधलेला असतो. पाण्यात तो सुटा होत नाही आणि लिटमसचा रंगही पालटत नाही.

१९२३ साली डेन्मार्कमध्ये ब्रॉन्स्टेड आणि इंग्लंडमध्ये लाउरी यांनी स्वतंत्रपणे निराळी व्याख्या मांडली: प्रोटॉन देते ते आम्ल, घेते ती आम्लारी. म्हणजे आम्लता ही पदार्थाची जात नव्हे, ते समोरच्याशी असलेले नाते आहे. एकच गृहस्थ मुलाचा बाप आणि बापाचा मुलगा असतो, तसेच हे. प्रबळ आम्लारीपुढे एथिल अल्कोहोल प्रोटॉन देते. तीव्र सल्फ्युरिक आम्लापुढे तेच प्रोटॉन घेते. मग सुमारे १७० अंश सेल्सिअसला त्यातून पाणी निघून जाते आणि एथिलीन वायू तयार होतो.

आता प्रोटॉन सहज कोण देईल? त्यासाठी प्रोटॉन गेल्यावर मागे काय उरते ते पाहावे. व्हिनेगरमधील अ‍ॅसेटिक आम्लाच्या बाबतीत उरलेला ऋणभार दोन ऑक्सिजन अणू वाटून घेतात. अल्कोहोलाच्या बाबतीत तो एकट्या ऑक्सिजनला वाहावा लागतो. मुख्यतः या फरकामुळे अ‍ॅसेटिक आम्ल हे अल्कोहोलाहून सुमारे शंभर अब्ज पट प्रबळ ठरते.

हे सांगितल्यावर पुतण्याने पुस्तक पुन्हा उघडले. दोन अभिक्रिया त्याने न पाहता लिहिल्या, तिसरी चुकली. ती खोडताना तो स्वतःशीच पुटपुटत होता, "येथे देतो कोण, आणि घेतो कोण?" विषय सोडण्याची गोष्ट त्या रात्री तरी पुन्हा निघाली नाही.