मांजरीची नजर अचानक गेली तर आधी रक्तदाब मोजा

म्हाताऱ्या मांजरीची नजर एकाएकी गेली, तर कारण बरेचदा उच्च रक्तदाबाचं असतं. मूत्रपिंडाच्या किंवा थायरॉइडच्या आजारात तो वाढतो आणि डोळ्यातला पडदा सुटतो. वरचा आकडा १६० च्या पुढे गेला की धोका सुरू होतो. अ‍ॅम्लोडिपिन हे रक्तदाबाचं औषध लवकर मिळालं तर काहींना थोडंफार पुन्हा दिसू लागतं, म्हणून पशुवैद्याकडे त्याच दिवशी जावं.

नाहीच दिसलं तर? ‘अशा जिवाला जगवायचं कशाला’ हा प्रश्न दयाळू वाटतो, पण घाईचा आहे. मिशा, कान, नाक आणि पाठ झालेलं घर यांच्या जोरावर मांजर छान वावरते. घोळ आपणच घालतो, सोफा सरकवून नि शी-शूचा ट्रे हलवून. उचललीच, तर ट्रेपाशी किंवा खाण्याच्या वाटीपाशी उतरवा. हात लावण्याआधी हाक मारा. आणि बाल्कनीला जाळी आजच बसवा.