तळ्याचं पाणी हिरवं का होतं? एका पडद्याने दिलं उत्तर!

तळ्यावर फोटो काढायला गेलो आणि मोबाईलच्या स्क्रीनवर पाणी चक्क हिरव्या ऑइलपेंटसारखं दिसलं, असं तुमच्यासोबतही झालं असेल. मला वाटायचं, शेवाळ आहे, होतंच. पण याचं कारण शोधायला एका शास्त्रज्ञाने अख्ख्या तळ्याचे दोन भाग केले होते, हे वाचून मी थक्क झालो.

फायटोप्लँक्टन म्हणजे काय?
पाण्यात तरंगणारे, सूर्यप्रकाशावर अन्न बनवणारे सूक्ष्म जीव. तळ्यातली अन्नसाखळी यांच्यापासूनच सुरू होते. पण ते बेसुमार वाढले की पाणी हिरवं पडतं, ते कुजताना ऑक्सिजन संपतो आणि मासे मरतात.

वाद काय होता?
१९६० च्या दशकात अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरचं ईरी सरोवर असंच हिरवं पडत होतं. काही शास्त्रज्ञ म्हणत, डिटर्जंट आणि सांडपाण्यातला फॉस्फरस जबाबदार आहे. साबण उद्योगाचं म्हणणं, दोष कार्बनचा आहे.

पडद्याचा प्रयोग
कॅनडात ऑन्टारियोमध्ये १९६८ साली काही तळी खास संशोधनासाठी राखली गेली. तिथे डेव्हिड शिंडलर यांच्या टीमने १९७३ मध्ये 'लेक २२६' च्या अरुंद भागात प्लास्टिकचा पडदा लावला. एका बाजूला कार्बन आणि नायट्रोजन टाकलं. दुसऱ्या बाजूला तेच, शिवाय फॉस्फरस. थोड्याच आठवड्यांत फॉस्फरसची बाजू हिरवीगार झाली, दुसरी जवळपास होती तशीच राहिली!

असं का? कार्बन हवेतून पाण्यात येतो. काही नील-हरित जीव नायट्रोजनही हवेतूनच घेतात. फॉस्फरस मात्र हवेतून असा मिळत नाही. म्हणजे नळ बंद करायचा तर फॉस्फरसचाच.

विमानातून काढलेला या तळ्याचा फोटो खूप गाजला. डिटर्जंटमधल्या फॉस्फेटवर मर्यादा आणायला या संशोधनाने मोठं बळ दिलं. १९९१ चा पहिला स्टॉकहोम वॉटर प्राइझ शिंडलर यांना मिळाला.

आपल्याला काय त्याचं?
काही नील-हरित जीव विष तयार करतात. २०१४ मध्ये ईरीकाठच्या टोलेडो शहरात या विषामुळे सुमारे ४ लाख लोकांना नळाचं पाणी पिऊ नका, असं सांगावं लागलं. पाणी उकळूनही हे विष जात नाही! आपल्याकडेही सांडपाण्यामुळे रंकाळ्याचं पाणी हिरवं पडलेलं कोल्हापूरकरांनी पाहिलंय.

मोबाईलवर कसं बघाल?
ब्राउझरमध्ये 'कोपर्निकस ब्राउझर' शोधा. ही सेवा मोफत आहे. आपल्या तळ्यावर झूम करा, सेंटिनेल-२ उपग्रहाचा कमी ढगांचा फोटो निवडा आणि वेगवेगळ्या महिन्यांचे फोटो शेजारी ठेवून पाहा. रंग बदललेला दिसेल. मात्र हिरवं म्हणजे जलपर्णीही असू शकते, आणि पाणी विषारी आहे की नाही हे फोटोवरून कळत नाही. त्यासाठी लॅबमध्ये तपासणीच लागते. तोवर अशा पाण्यात पोहू नका आणि जनावरांनाही ते पाजू नका.

माहिती आवडली तर तळ्याकाठी राहणाऱ्या मित्राला नक्की पाठवा.