क्रमशः – १७ : फुकटात झालेली सुटका

बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार या आठवड्यात यायचा होता. तो थांबेल. हजारावर रहस्यकथा लिहिणाऱ्या लेखकाचा नायक आठ दिवसांत शिळा होत नाही. त्याच्याआधी एक थकबाकी चुकती करायची आहे. ‘द प्रॉमिस्ड नेव्हरलँड’ या अ‍ॅनिमेच्या पहिल्या पर्वावर इथे लेखांक खर्ची पडले आणि दुसऱ्या पर्वाबद्दल अवाक्षर निघालं नाही, हे एका वाचकाने नेमकं हेरलं आहे. त्यांचा प्रश्न दुहेरी आहे. पहिलं पर्व एवढं कसदार, मग दुसरं एवढं पडेल का? आणि हा सगळा ऊहापोह जपान्यांबद्दलच का, आपल्याकडे असं काही होत नाही का? दुसऱ्या प्रश्नात टोमणा आहे, पण दोन्हींचं उत्तर एकच निघतं, म्हणून आजचा लेखांक त्यालाच. (ज्यांना दुसरं पर्व अजून बघायचं आहे त्यांनी इथेच थांबावं, पुढे सगळी रहस्यं फुटणार आहेत. तसं त्या पर्वाने राखून ठेवण्याजोगं फार काही ठेवलेलं नाही.)

दुसऱ्या पर्वावरचा सर्वमान्य आरोप घाईचा आहे आणि आकडे त्याच्या बाजूने आहेत. काइउ शिराई यांनी लिहिलेली आणि पोसुका देमिझू यांनी चितारलेली मूळ मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, ऑगस्ट २०१६ ते जून २०२० या काळात ‘शोनेन जंप’ साप्ताहिकात १८१ प्रकरणं चालली. क्लोव्हरवर्क्स स्टुडिओने २०१९ च्या जानेवारी ते मार्चमध्ये पहिलं पर्व केलं, तेव्हा १२ भागांत ३७ प्रकरणं घेतली. २०२१ च्या पहिल्या तीन महिन्यांत आलेल्या दुसऱ्या पर्वाने उरलेली १४४ प्रकरणं ११ भागांत उरकली. उरकली म्हणजे बहुतेक गाळलीच. शेवटच्या भागात तर स्थिर चित्रं एकामागून एक सरकवत कितीतरी प्रकरणांचा मजकूर मिटवून टाकला. हे सगळं मान्य करूनही घाई हे मूळ कारण आहे असं मला वाटत नाही, आणि त्याचा पुरावा आपल्या घरातच आहे. मार्च २०२१ च्या ज्या आठवड्यात नेव्हरलँडचा तो शेवटचा भाग दाखवला गेला, त्याच आठवड्यात ‘झी मराठी’वर ‘रात्रीस खेळ चाले’चं तिसरं पर्व सुरू झालं. ती दैनंदिन मालिका. मधला टाळेबंदीचा खंड धरून एप्रिल २०२२ पर्यंत चालली. तिथे वेळेला तोटा नव्हता, उलट वेळ भरून काढायचा होता. तरी पहिल्या दोन पर्वांवर जीव टाकणारे प्रेक्षक तिसऱ्यावर त्याच सुरात हळहळले. एक गोष्ट फार आखूड झाली, एक फार लांबली आणि हळहळ मात्र सारखीच. मग दोष लांबीरुंदीत कसा असेल?

माझं म्हणणं असं की अद्भुतकथा चमत्कारावर चालत नाही, चमत्काराच्या किमतीवर चालते. आपल्या लोकपरंपरेला हे पक्कं ठाऊक आहे. मुंजा पिंपळावरच राहील, गिऱ्हा पाण्यातच गाठेल, कोकणातला देवचार आपल्या हद्दीची राखण करील. प्रत्येकाला जागा आहे, मर्यादा आहे, आणि त्याच्याकडून काही हवं असेल तर त्याचं देणं ठरलेलं आहे. नवस बोलला की फेडावा लागतो. श्रावणातल्या कहाण्यांमध्ये वसा टाकला की भोग आलाच. ऐकणारा भुताखेतांवर विश्वास ठेवतो की नाही हा मुद्दाच नसतो. तो हिशेबावर विश्वास ठेवतो. कथेने हिशेब पाळला तर वाटेल तेवढं अशक्य त्याला चालतं.

नेव्हरलँडच्या पहिल्या पर्वाने हा हिशेब पैपैसा पाळला होता. अनाथाश्रम वाटणारी जागा राक्षसांसाठी मुलं वाढवायची शेती आहे, हे कळायला तिथल्या चिमुरड्या कॉनीचा जीव जातो. पळून जायच्या तयारीचा वास लागताच मुलांना सांभाळणारी ‘मामा’ (आई) इसाबेला नायिका एम्माचा पाय मोडते. एम्माचा सोबती नॉर्मन स्वतः राक्षसांकडच्या पाठवणीला सामोरा जातो. इसाबेलाची मदतनीस क्रोन हिने जास्तीचा डाव टाकला, तिची गच्छंती झाली. अखेर कुंपण ओलांडताना चार वर्षांच्या आणि त्याहून लहान मुलांना मागे ठेवावं लागतं, म्हणून सुटकेच्या आनंदातही खोट राहते. गंमत म्हणजे खलनायिकेचं खातंही उघडं ठेवलेलं आहे. इसाबेला स्वतः त्याच शेतीत वाढलेली, सुटायचा प्रयत्न करून कड्यापाशी हरलेली आणि जिवंत राहण्यासाठी ‘मामा’ झालेली बाई आहे. पळणाऱ्या मुलांतला रे तिच्याच पोटचा. दिग्दर्शक मामोरू कानबे यांनी मांगेतली मनोगतं जवळजवळ काढून टाकली आणि मोकळे लांब बोळ, अर्धवट दारं, कुणाच्या तरी खांद्यामागून बघणारा कॅमेरा यांवर भिस्त ठेवली, हे आपण पाहिलंच. ते सगळं उठून दिसलं, कारण प्रत्येक पावलाला काहीतरी गमवावं लागणार याची खात्री आधीच झाली होती.

आता दुसऱ्या पर्वाने काय काय गाळलं त्याची यादी बघा. ती सरसकट गाळणी नाही. गोल्डी पाँडचा सगळा भाग गेला, त्याच्याबरोबर युगो गेला. मांगेत हा चिडका, मोडलेला माणूस मुलांना आपलं मानतो आणि त्यांच्या पाठलागावर आलेल्यांना अडवताना मरतो. मांगेत इसाबेला एम्माला वाचवताना जीव गमावते. अ‍ॅनिमेत ती सुखरूप राहते आणि मुलांबरोबर माणसांच्या जगात येते. मांगेत एम्मा राक्षसांच्या जगाशी नवा करार करते आणि त्याच्या मोबदल्यात तिच्या माणसांच्या आठवणीच तिच्याकडून काढून घेतल्या जातात. अ‍ॅनिमेत ती मागे राहून उरलेली कामं आटोपते आणि मग येऊन सगळ्यांना भेटते. तिन्ही ठिकाणी नेमकी किंमत गळाली आहे आणि फळ शिल्लक आहे. घाईत माणूस काय टाकून देतो हे पुष्कळ सांगून जातं. इथे वेळ वाचवायला तमाशे, लढाया, पळापळ कमी करता आली असती. 

यावर मांगाप्रेमींचा ठरलेला आक्षेप येतो: मूळ कथा सोडली की असंच होणार. हा आक्षेप दोन कारणांनी लंगडा आहे. एक तर या दुसऱ्या पर्वाच्या कथारचनेत खुद्द शिराई यांचा हात होता, तेव्हा परक्याने येऊन घर मोडलं असं म्हणता येत नाही. दुसरं कारण जास्त वजनदार आहे. हिरोमू आराकावा यांच्या ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ची पहिली मालिका बोन्स स्टुडिओने ऑक्टोबर २००३ मध्ये सुरू केली तेव्हा मांगा अर्ध्यावरही आली नव्हती, ती संपली २०१० मध्ये. साहजिकच ५१ भागांच्या त्या मालिकेने मधूनच आपली वाट धरली आणि शेवट पूर्णपणे स्वतःचा केला. तरी ती आजही आदराने पाहिली जाते. का? त्या कथेचा पहिला नियमच असा की काही मिळवायचं तर तोलाचं काही द्यावं लागतं, आणि मालिकेने शेवटच्या क्षणापर्यंत स्वतःला त्यातून सूट दिली नाही. अल्फॉन्सला शरीर परत मिळतं, पण भावाबरोबरच्या प्रवासाच्या आठवणी जातात. एडवर्ड वेगळ्याच जगात जाऊन पडतो. पुढे २००९ मध्ये मांगेबरहुकूम ६४ भागांची ‘ब्रदरहुड’ आली, तिचा शेवट निराळा आहे आणि तोही पटतो, कारण तिथेही एडवर्ड आपली विद्या देऊन भावाला सोडवतो. मूळ वाट सोडणं हा अपराध नाही. वाटेवरचा नाका चुकवणं हा अपराध आहे.

आता आपल्याकडच्या मालिकेकडे, म्हणजे तिच्या आकेरीतल्या वाड्यात जाऊ. ‘रात्रीस खेळ चाले’चं पहिलं पर्व फेब्रुवारी २०१६ मध्ये सुरू झालं ते घराचे कर्ते अण्णा नाईक यांच्या मृत्यूने. त्यांची पांगलेली मुलं वाड्यात गोळा होतात आणि मग जे घडतं ते भुताचं की घरातल्याच कुणाचं, हा संशय मालिकेचं भांडवल. राजू सावंत यांचं दिग्दर्शन, प्रल्हाद कुडतरकर यांचं लेखन (पांडूही त्यांनीच रंगवला) आणि सिंधुदुर्गातला खराखुरा परिसर. हा माल मराठी दैनंदिन मालिकेत नवा होता. जानेवारी २०१९ मध्ये आलेल्या दुसऱ्या पर्वाने तर कमालच केली. ते पुढे गेलं नाही, मागे गेलं. अण्णा जिवंत, त्याची प्रेयसी शेवंता जिवंत, वाडा भरात. माधव अभ्यंकरांचा अण्णा लंपट, हावरा, क्रूर आहे, आणि तरी नजर हटत नाही, याचं श्रेय अभिनयाला आहेच. पण पटकथेने एक फार मोठी सोय करून ठेवली होती. हा माणूस मरणार आहे आणि घराची वाताहत होणार आहे, हे प्रेक्षकाला तीन वर्षं आधीच ठाऊक होतं. त्यामुळे अण्णाने जमीन लाटली, बाई नासवली, माणूस मारला, की प्रत्येक वेळी बिल कुठे तरी तयार होतंय हे दिसत होतं. उत्सुकता काय होणार याची राहिलीच नव्हती. कसं आणि कुणाच्या हातून फेडलं जाणार याची होती. दुसरं पर्व भयकथेपेक्षा शोकांतिकेच्या जवळ गेलं ते यामुळे.

तिसऱ्या पर्वात मरून गेलेले अण्णा आणि शेवंता भुतं होऊन परतले आणि तिथेच हिशेब बिघडला. दुसऱ्या पर्वाच्या अखेरीस त्यांनी जे मोजलं होतं ते त्यांना जणू परत मिळालं. मरण हा शेवट न राहता बदली झाली. त्यात दोघं एव्हाना लोकांची लाडकी झालेली. लाडक्या भुताला भीती निर्माण करता येत नाही, फक्त हजेरी लावता येते. ते कुठे दिसतील, कुणाला धरतील, काय केलं की सुटतील, याच्या मर्यादा गोष्टीच्या गरजेप्रमाणे सैल-घट्ट होत राहिल्या. मुंजाला पिंपळ असतो. या भुतांना पुढच्या भागाची जाहिरात होती.

यावर दोन उत्तरं दिली जातात. पहिलं, करोना आणि पात्रबदल. शेवंतेच्या भूमिकेत अपूर्वा नेमळेकर यांच्या जागी कृतिका तुळसकर आल्या, चित्रीकरण मध्ये थांबलं, हे खरं. पण दुसरं पर्वही २०२० च्या टाळेबंदीत अडकलं होतं आणि जुलैत परतून ऑगस्टमध्ये नीट तडीस गेलं. आणि नटी बदलणं मराठी प्रेक्षकाला नवं नाही. तो चार दिवस कुरकुरतो आणि गोष्ट धरून ठेवत असेल तर नव्या चेहऱ्याला सरावतो. दुसरं उत्तर जास्त विचार करायला लावणारं आहे: लोकांनाच अण्णा-शेवंता हवे होते, निर्मात्यांनी मागणी पुरवली, त्यात चूक काय? चूक मागणी पुरवण्यात नाही, कोणत्या दाराने पुरवली त्यात आहे. आर्थर कॉनन डॉयलने १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला धबधब्यात लोटलं आणि वाचकांनी त्याचा पिच्छा पुरवला. १९०१ मध्ये तो नमला तेव्हा त्याने होम्सला उठवलं नाही. मरणाआधीची एक हकीकत काढली. ती ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’, भुताची की माणसाची करणी याच संशयावर उभी असलेली आणि बहुतेकांच्या मते होम्सची सर्वांत चांगली कादंबरी. खरंखुरं पुनरुज्जीवन १९०३ मध्ये झालं. त्यानंतरही उत्तम कथा आल्या, पण होम्सला काही होऊ शकतं ही भीती संपली. आकेरीच्या वाड्याने हाच क्रम गिरवला आहे: आधी मागचं दार, मग पुढचं. फरक एवढाच की होम्सकथेत दर वेळी नवा गुन्हा असतो, त्यामुळे नायक अमर झाला तरी गोष्ट तगते. भुताच्या गोष्टीत भूतच अमर आणि आवडतं झालं तर उरतं काय?

चित्रांच्या दर्जाबद्दलची निराशा मी मुद्दाम बाजूला ठेवली आहे. ‘द सेव्हन डेडली सिन्स’चं तिसरं पर्व २०१९ मध्ये ए-वन पिक्चर्सकडून स्टुडिओ डीनकडे गेलं, आणि एस्कॅनॉर आणि मेलिओडस या पात्रांची बहुप्रतीक्षित झुंज बघून लोक हसले. ते हसू रास्तच होतं, पण ती कारागिरीची पडझड आहे. मांगा उघडली की तीच झुंज जशीच्या तशी शाबूत सापडते. नेव्हरलँडचं दुसरं पर्व उद्या कुणी दसपट पैसा ओतून पुन्हा रंगवलं तरी इसाबेला मरणार नाही आणि एम्मा काही विसरणार नाही, म्हणजे ते होतं तिथेच राहील.

तेव्हा प्रश्नकर्त्यांना आणि तुम्हालाही सल्ला सरळ आहे. नेव्हरलँडचं पहिलं पर्व बघा, अडतिसाव्या प्रकरणापासून मांगा हातात घ्या आणि दुसऱ्या पर्वाला हात लावू नका. ‘रात्रीस खेळ चाले’ पाहायचं तर दुसरं पर्व आधी आणि पहिलं नंतर असंही चालेल. तिसऱ्याची गरज नाही.