चूक सांगण्याची मोकळीक

रुग्णालयात औषध देताना चूक झाली, तर ती वरिष्ठांना सांगणार कोण? आपण म्हणाल, ज्याच्या हातून झाली तो. पण चारचौघांत पाणउतारा होईल, नोकरीवर गदा येईल, या धास्तीने तोंड उघडत नाही. अमेरिकेतील एमी एडमंडसन या विदुषींनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक नवल आढळले. जिथली माणसे एकोप्याने काम करीत, त्याच विभागांत चुकांची नोंद जास्त! उलगडा असा, की तिथल्या मुख्य परिचारिकेपाशी चूक निर्धास्तपणे बोलता येई. चूक कळली, की कारण शोधता येते: बाटल्या सारख्या दिसतात, अक्षर लागत नाही. दडवलेली चूक पुढच्या रोग्याच्या वाट्याला पुन्हा येते. आपल्या हाताखाली चार माणसे असतील, तर “कोणी केले?” याच्या आधी “कसे झाले?” एवढे जरूर विचारावे.